बारदाना

उदगीरच्या मोंढ्यात आडतीवर पट्ट्या लिहिते मी.
तूर, करडई, सोयाबीन;
वजन, भाव, हमाली, तोलाई,
शेवटी बारदाना वजा.

अकराव्या वर्षी सिरिंज, विसाव्यापासून पेन.
निळं जेवणाआधी, करडं रात्री दहाला.
उन्हाळ्यात लाइट गेली की दोन्ही
माठाखालच्या ओल्या वाळूत, फडक्यात गुंडाळून.

करडं फार हट्टी.
एकदा टोचलं की दिवसभर अंगात ठाण मांडणार,
जेवू घातल्याशिवाय न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.
पहाटे तीनला घाम, ओठ बधिर,
अंधारात डब्याचं झाकण,
मुठीत साखर, मग गूळ, मग कालचा धपाटा,
मग उरलेला सुशीला, उभ्यानंच,
थरथर थांबेपर्यंत,
आणि थांबल्यावरही.

सासूबाई म्हणायच्या, शुगरची पेशंट अन् साखरच चोरते.
मी म्हणायचे, औषधाला खाऊ घालतेय.
पण अंगावर कुणाच्या चढायचं?

अठ्ठ्याहत्तर किलो.
दुपारी हमाल जेवायला गेले की
मी मोंढ्यातल्या काट्यावर चढायचे.
हबीबमामू मापाडी तेव्हा
तराजूशी काही काम नसल्यासारखे
रस्त्याकडे बघत राहायचे.

भिशी लागली, एक पॉलिसी पिकली, पंप आला.
पत्त्यांच्या कॅटाएवढा,
पोटाशी बारीक नळी,
तीन दिवसांनी जागा बदलायची.
नूरबीनं परकराला आतून खिसा शिवला, विचारलं,
"मोबाइल इथं कामून ठेवता, बाई?"
पहिल्याच आठवड्यात नळी अडकली
गल्ल्याच्या ड्रॉवरच्या कडीत.
शेतकरी पट्टीची वाट बघत उभा,
मी वाकून स्वतःला सोडवतेय.

खोटं कशाला बोलू,
दोन महिन्यांत तीन किलो वाढले.
बटण हाताशी आलं नि जीभ सुटली.
जिलेबी, दाबलं बटण. बालुशाही, दाबलं.
जणू उधारीची वही कुणी फाडून टाकली होती.

लातूरच्या हिप्परगे डॉक्टर रागावल्या नाहीत.
स्क्रीन माझ्याकडे वळवली, म्हणाल्या,
"रात्रीचा दर उतरवू, थोडा थोडा.
एक सांगा, तुम्ही खाता ते भुकेपोटी का भीतीपोटी?"
मी पर्सची चेन उघडझाप करत बसले.

दर उतरला.
तीनचा घाम आठवडाभर आला नाही.
दुसऱ्या आठवड्यातही नाही.
महिन्यानं बघितलं तर
पलंगाखालच्या डब्यातल्या साखरेला
मुंग्या लागलेल्या.

मग वेळ अमावस्या. नणंदेच्या शेतात
कोपीतली पूजा लांबली, आंबिलीचं बिंदगं
कुणाच्या तरी गाडीवर मागेच राहिलं.
दीड वाजला. दोन. सव्वादोन.
पोटात काहीतरी हललं.
मी दचकून बांधावर बसले, बोट टोचलं,
आता पडणार, आता गूळ मागावा लागणार.

एकशेबारा.

पुन्हा टोचलं, दुसरं बोट.
एकशेनऊ.
हरभऱ्यावरून गार वारं येत होतं
आणि पोटात ओढ होती, रिकामी, साधी.
घाम नव्हता. कापरं नव्हतं.
थोड्या वेळानं ओळख पटली:
भूक.
पाचवीच्या वर्गात, डबा उघडायच्या आधी
लागायची तीच.
एकतीस वर्षं मी तिच्या नावानं
दुसरंच कुणी जेवू घालत होते.

कुणाला काही सांगितलं नाही.
बाजरीचे दोन उंडे, भज्जी, एक वाटी आंबील
मोजून, बटण दाबून, सावकाश खाल्लं.
नणंद म्हणाली, घे की अजून एक, वर्षाचा सण.
म्हटलं, पुरे. पोट भरलं.
हे वाक्य तोंडात नवंच वाटलं.

आता चौऱ्याहत्तर.
सगळं सुरळीत नाही. रात्री मध्येच पिपाणी वाजते,
नवरा कूस बदलून विचारतो, तुझं का माझं?
वैशाखात नळीतलं औषध तापतं,
मी खिशात ओला रुमाल बाळगते.

काल भरदुपारी, हमालांसमोरच,
काट्यावर चढले.
हबीबमामूंनी आकडा बघितला, चष्मा वर केला,
कमरेच्या उंचवट्याकडे बोट दाखवलं,
"बारदाना काटूं क्या, बेटी?"

नको मामू.
सगळ्यासकट लिहा.